झाकणावरचे ठिपके

प्लेट हातात आली की धुण्याआधी मी ती उलटी करून खिडकीकडे धरायची. तळहाताएवढं पारदर्शक प्लॅस्टिक, त्यात सोळा छोटे गोल खळगे आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी सोन्याची बारीक नक्षी. खिडकीबाहेर गुलाबी फुलांचं एक झाड होतं. फेब्रुवारीत ते फुललं की आमच्या प्रयोगशाळेतला उजेडसुद्धा गुलाबी व्हायचा आणि त्या उजेडात सोळाही तळ एकदम उजळायचे. मी तशीच उभी राहायची. मागून कोणीतरी घसा खाकरायचं, मग मला आठवायचं की आपल्याला पगार मिळतो तो धुण्याचा, बघत बसण्याचा नाही.

या प्लेटांचं काम सांगायला सोपं आहे. खळग्यात जिवंत पेशी सोडायच्या. त्या हळूहळू तळाला बसतात, अंग पसरतात, एकमेकींना चिकटतात आणि सतरंजी अंथरल्यासारखा त्यांचा एक सलग थर होतो. खालच्या सोन्यातून अगदी बारीक वीज सोडलेली असते. पेशी बसल्या की तिची वाट अडते, जितक्या घट्ट बसतील तितकी जास्त अडते. किती अडली ते यंत्र मोजतं आणि संगणकाच्या पडद्यावर एक रेघ काढत राहतं. पेशी जगल्या, वाढल्या तर रेघ चढते. सुटल्या, मेल्या तर उतरते.

प्लेटीच्या पाकिटावर एक खूण छापलेली असते. गोलात दोनचा आकडा आणि त्याच्यावर तिरपी रेघ. म्हणजे एकदाच वापरा आणि फेकून द्या. अकरा वर्षं मी ती खूण बघत होते आणि अकरा वर्षं त्याच प्लेटा धुवून पुन्हा कपाटात ठेवत होते.

धुणं माझ्या घरातलंच. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मूळचे विट्याकडचे. तिकडची घरंच्या घरं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगली, त्यात तेही तरुणपणी बेंगळुरूला आले आणि मार्केटमागच्या गल्लीत भट्टी लावून बसले. माझा जन्म तिथल्याच चामराजपेटेतला. अण्णा सराफांच्या दुकानांतला केर घ्यायचे. कारागिरांच्या पायाखालची धूळ, झाडूच्या तुटक्या काड्या, हात धुतलेलं पाणी, काहीही. तो केर जाळायचा, कुटायचा, चाळायचा आणि मग घमेल्यात घेऊन पाण्याने धूत बसायचं. मी शाळेतून आले की त्यांच्याशेजारी उकिडवी बसायची. पाणी गोल गोल फिरायचं, काळा गाळ काठावरून निसटून जायचा आणि शेवटी तळाशी एक पिवळी कड उरायची. ते फिरणारं पाणी बघता बघता मला झोप यायची. अजूनही माझ्या डोक्यात धुणं आणि झोप यांची थोडी गल्लत आहे.

बी.एस्सी. झाल्यावर मी या संशोधन संस्थेत सहायक म्हणून लागले. नवीन प्लेट परदेशातून येते, महाग असते आणि मागवली की दोन-दोन महिने वाट बघायला लावते. आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, एक दिवस वापरलेल्या चार प्लेटा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, जमतंय का बघ. मी बघितलं. आधी खळग्यांतलं जुनं पाणी ओढून घ्यायचं. मग ट्रिप्सिन नावाचं द्रव्य घालायचं. ते पेशींची पकड सोडवतं, पण त्याला ऊब लागते आणि घाई त्याला आवडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचं, पेशी आधी कडा सोडायच्या, मग अंग आकसून गोल व्हायच्या आणि जागच्या जागी डुलत डुलत वर तरंगायच्या. त्यानंतर शुद्ध पाणी तीनदा, मग अल्कोहोल, मग जांभळ्या दिव्याखाली वाळवण. या सगळ्यात पिपेटचं, म्हणजे पाणी ओढायच्या नळीचं, टोक सोन्याला लागता कामा नये. माझा हात हलका होता. धुतलेल्या प्लेटीवर पेशी पहिल्यासारख्याच बसल्या आणि रेघ पहिल्यासारखीच चढली, तेव्हा मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी आठवडाभर हवेत होते.

एकदा पाकिटातच तडकलेली, कधीही न वापरलेली एक प्लेट मी अण्णांना दाखवायला घरी नेली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ खाली-वर केली आणि विचारलं की यात सोनं कुठंय. मी तळ दाखवला. ते म्हणाले, हे सोनं नव्हे, सोन्याची आठवण आहे, एवढ्यासाठी तू एवढी शिकलीस होय. महिनाभर ते येईल त्या पाहुण्याला ती प्लेट दाखवत होते.

मॅडमचा नियम होता की एक प्लेट तीनदाच धुवायची. चौथ्या वापरानंतर ती गेली. किती धुणी झाली ते कळावं म्हणून मी प्रत्येक धुण्याला निळ्या मार्करचा एक ठिपका द्यायची. तो प्लेटीवर देता येत नसे, कारण प्लेट अल्कोहोलने पुसली जायची आणि शाई उडून जायची. म्हणून ठिपका झाकणावर. झाकणं मी वेगळ्या ट्रेमध्ये नुसत्या पाण्याने धुवायची आणि कागदावर रांगेत उपडी घालायची. पारदर्शक, सगळी एका मापाची, कडेला निळे ठिपके असलेली. उन्हात ती रांग फार सुरेख दिसायची. तीन ठिपक्यांचं झाकण आलं की ते आणि त्याखालची प्लेट, दोन्ही मी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायची आणि मनातल्या मनात तिला रामराम करायची.

हे सगळे करतात. म्हणजे ओळखीच्या ज्या ज्या प्रयोगशाळेत मी गेले, तिथल्या बेसिनजवळ कुठे ना कुठे धुतलेल्या प्लेटा उपड्या दिसल्याच. पण लिहीत मात्र कोणी नाही. छापून येतात त्या लेखांत प्लेटीचं नाव असतं, पेशींचं असतं, औषधाचं असतं, धुण्याचा उल्लेख कुठेच नसतो. मला त्याचं वाईट वाटायचं असं नाही. थोडं वाटायचं.

मग ती आली. नागपूरची मुलगी, पीएच.डी. करायला. जे. पी. नगरात एका खोलीत राहायची आणि सकाळी दोन बस बदलून यायची. मी फोनवर आईशी बोलताना तिने मराठी ऐकली आणि सरळ येऊन माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली. त्या दिवसापासून मी तिची ताई झाले. माझ्या बोलण्यात 'थोडं'च्या जागी कानडी स्वल्प आणि 'बरं'च्या जागी सरी आलं की ती खुदकन हसायची. तुमची मराठी गोड आहे ताई, म्हणायची, पण अर्धी मला समजूनच नाही राहिली. मी म्हणायची, तुझी तरी कुठे सगळी समजते. जेवायच्या सुट्टीत आम्ही झाडाखालच्या बाकावर डबे उघडायचो. माझ्या डब्यातली चपाती आणि चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, ही जोडी तिला कधी पटली नाही, पण ती संपवायची तीच.

तिच्या आईला आतड्याचा जुना त्रास होता. औषधं घेऊन थकल्यावर कोणीतरी एक मूळ सांगितलं, ते उगाळून घेतलं की बरं वाटायचं. बाकीचं घर म्हणायचं, मनाचे खेळ आहेत. आई म्हणायची, नाही, मला खरंच बरं वाटतं. ही पोरगी त्याच मुळाचा अर्क घेऊन आली होती. आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्लेटीत वाढवायच्या, सलग थर झाला की त्याला एका द्रव्याने इजा करायची आणि मुळाच्या अर्काने तो थर पुन्हा सांधतो का ते बघायचं. तिच्या प्रबंधाची बाकीची प्रकरणं झाली होती, हे शेवटचं होतं. शिष्यवृत्ती जूनमध्ये संपणार होती. पण मला वाटतं, जूनपेक्षाही तिला आईला एक गोष्ट सांगायची होती, की तुझे मनाचे खेळ नव्हते.

ती फार नीटनेटकी. खळग्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, डावीकडचे आठ साधे, उजवीकडच्या आठांत अर्क. दर वेळी तसंच. अर्क गडद तपकिरी आणि चिकट असायचा. धुताना उजवीकडे मी पाणी जरा जास्तच फिरवायची.

पहिल्या प्रयोगात उजवीकडच्या रेघा डावीकडच्यांपेक्षा जेमतेम केसभर वर गेल्या. तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या वेळी थोड्या जास्त. चौथ्या-पाचव्या वेळी तर काय सांगू, इजा झाल्यावर सोळाही रेघा खाली आल्या, डावीकडच्या तिथेच पडून राहिल्या आणि उजवीकडच्या आठ पुन्हा वर निघाल्या. हळू, अगदी हळू. एवढ्या संथपणे की बघत राहिलं तर हलत नाहीत आणि चहा पिऊन आलं तर चढलेल्या असतात. आम्ही दोघी दुपारी स्टुलांवर बसून त्या रेघा बघायचो. पेशींना उबेत ठेवणारा इन्क्युबेटर घुमत असायचा, बाहेर फुलं गळत असायची. आपण एका मोठ्या माणसाच्या छातीशी कान लावून बसलोय असं मला वाटायचं.

"ताई, सांधून राहिलंय," ती हळूच म्हणायची.

दर प्रयोगाला परिणाम वाढत होता, आणि आम्ही म्हणत होतो की तिचा हात बसतोय. मॅडमही तेच म्हणाल्या. मीच तिला सांगितलं होतं की पेशींना माणसाचा हात कळतो, पहिल्या दिवशी त्या कोणालाही दाद देत नाहीत. आता आठवलं की स्वतःच्या तोंडावर हात ठेवावासा वाटतो.

एप्रिलमधला एक रविवार. आई स्वयंपाकघरातली मांडणी रिकामी करत होती. शेजारच्या अक्काकडे आईने पुळिओगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, डबा दिला होता, तो परत आला होता. स्टीलचा डबा, आमच्यासारखाच, झाकणावर आईचं नाव कोरलेलं. आईने झाकण काढलं, डबा उलटा केला आणि बुडाकडे बघून म्हणाली की हा आपला नव्हे. मी म्हटलं, नाव तर तुझंच आहे. आई भांड्यांवर नाव घालून घेताना नेहमी त्या माणसाच्या डोक्यावर बसायची, डब्याच्या बुडाला एकदा आणि झाकणावर एकदा, दोन्हीकडे. त्या कोरणाऱ्याशी तिची दर वेळी यावरून जुंपायची.

"झाकणावर नाव असलं म्हणून डबा आपला होत नाही," आई म्हणाली आणि मला अक्काकडे पिटाळलं.

मी डबा घेऊन निघाले. अक्काच्या दारापर्यंत वीस पावलं. त्यातल्या दहाव्या-बाराव्या पावलाला माझे पाय थांबले. कागदावर उपडी घातलेली झाकणांची ती रांग माझ्या डोळ्यांपुढे आली. उन्हात चमकणारी, सगळी एका मापाची. वाळली की मी ती उचलायची आणि समोर येईल त्या प्लेटीवर ठेवायची. अकरा वर्षं. ठिपके झाकणांचे मोजले जात होते. प्लेटा किती वेळा धुतल्या गेल्या, हे मला माहीतच नव्हतं.

सोमवारी सगळ्यांच्या आधी गेले. कपाटातून प्लेटा काढल्या आणि एकेक उलटी करून बघितली. मला एक खूण आठवत होती. जानेवारीत माझ्या हातून एका प्लेटीच्या कोपऱ्यातल्या खळग्याला पिपेटचं टोक लागलं होतं आणि सोन्यावर नखाएवढा ओरखडा उमटला होता. स्वतःला मी तेव्हा भरपूर शिव्या घातल्या होत्या. ठिपक्यांच्या हिशेबाने ते तिचं तिसरं धुणं होतं, म्हणजे एका वापरानंतर ती पिशवीत जायला हवी होती. ती मला सापडली. झाकणावर एक ठिपका होता. प्लेट वाकडी करून उजेडाकडे धरली तर डावीकडचे आठ तळ स्वच्छ पिवळे दिसले आणि उजवीकडच्या आठांवर एक पुसट तपकिरी झाक. समोरून बघितलं तर दिसत नव्हती. मी इतकी वर्षं प्लेटा समोरूनच बघत होते, चमक बघायला.

मग मला बाकीचं कळायला वेळ लागला नाही. चिकट अर्क दर वेळी थोडा सोन्यावर राहत होता, दर वेळी उजवीकडेच. यंत्र प्रयोगाच्या सुरुवातीला सगळे खळगे शून्य धरतं, त्यामुळे तो थर आधी कुठे दिसत नाही. नंतर तो ओल धरत हळूहळू फुगत असणार आणि विजेची वाट तोच अडवत असणार. तिचा हात बसत नव्हता. माझं धुणं साचत होतं.

मी ते नऊ दिवस कोणाला सांगितलं नाही. खरं सांगते, कारणं मी छान छान शोधली. कदाचित थराने फरक पडत नसेल. कदाचित चांगले निकाल नेमके नव्या प्लेटांवरचेच असतील. प्रबंध वाचणार कोण, चार माणसं. ती त्या दिवसांत शेवटच्या प्रकरणाच्या आकृत्या करत होती, रंग निवडत होती. डावीकडच्या रेघांना राखाडी दिला आणि उजवीकडच्यांना गुलाबी. मला बोलावून विचारलं की झाडाच्या फुलांसारखा आलाय का. मी म्हटलं आलाय. त्या दिवशी माझ्याने डबा संपवेना.

अण्णा आता भट्टीवर जात नाहीत. हात थरथरतात. सकाळी दाराबाहेरच्या दगडी कट्ट्यावर, आम्ही जगली म्हणतो त्यावर, कॉफी घेऊन बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. मी शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्यांना पेशी-बिशी काही कळत नाही, पण धुतल्यावर मागे काय राहतं ते त्यांच्याइतकं कोणाला कळणार. त्यांनी कॉफी खाली ठेवली. मग त्यांनी त्यांच्या कसोटीच्या दगडाचं सांगितलं. सोनं त्या काळ्या दगडावर घासायचं, उमटलेल्या रेघेवरून कस ओळखायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाआधी तेलाचा हात लावून दगड साफ पुसायचा. एका दिवाळीत सोनं पारखून घेणाऱ्यांची गर्दी फार होती. एका बाईच्या पाटल्या त्यांनी चोख सांगितल्या. बाई गेल्यावर दगड बघितला, तर आधीच्या गिऱ्हाइकाची रेघ नीट पुसलेलीच नव्हती, पाटल्यांची रेघ त्या जुन्या रेघेवरच उमटली होती. त्या बाईने पाटल्या मुलीच्या लग्नासाठी ठेवल्या होत्या. अण्णांनी भट्टी बंद केली आणि विचारत विचारत तिचं घर गाठलं.

मी विचारलं की तिला कळलं असतं का.

"कधीच नाही," अण्णा म्हणाले. "म्हणून तर जावं लागलं."

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत आम्ही बाकावर बसलो. झाडाची फुलं कधीच संपली होती, आता नुसती हिरवी पानं. मी डबा उघडला नाही. तिला झाकणांचं सांगितलं, ओरखड्याचं सांगितलं, उजवीकडच्या तपकिरी झाकेचं सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर मला हे कळलं तो रविवार कुठला होता आणि आज कुठला दिवस आहे, तेही सांगितलं. ती हातातला घास तसाच धरून बसली होती.

"तुम्ही काय सांगून राहिल्या ताई," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, नुसतंच. मग घास डब्यात ठेवला, डबा बंद केला आणि उठून गेली. तिच्या डब्याचं झाकण तिरकं लागलं होतं.

मॅडमना आम्ही दोघींनी मिळून सांगितलं. त्या रागावल्या, ते योग्यच होतं. प्लेटांना क्रमांक देऊन वहीत नोंद ठेवायची एवढी साधी गोष्ट कोणालाच कशी सुचली नाही, म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या की ते मलाही सुचलं नाही. नव्या प्लेटा जुलैआधी येणार नव्हत्या. पण कपाटाच्या वरच्या खणात एक सीलबंद पाकीट होतं, दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवलेलं. ते मॅडमनी स्वतः काढून तिच्या हातात दिलं.

तिने पाकीट फोडलं तेव्हा मी शेजारी उभी होते. नवी प्लेट मी किती दिवसांनी बघत होते. सोळाही तळ सारखे, कुठेही झाक नाही. पेशी बसल्या, थर सलग झाला, तिसऱ्या दिवशी सकाळी तिने इजा करणारं द्रव्य घातलं आणि मग उजवीकडे अर्क. आम्ही पुन्हा स्टुलांवर बसलो. सोळाही रेघा खाली आल्या. दुपार झाली. राखाडी तिथेच होत्या. गुलाबीही तिथेच. मी चहाला गेले नाही, ती पण नाही. मी मनात देवाला सांगत होते की माझं धुणं चुकलं तर चुकू दे, पण हिचं मूळ खरं असू दे. चार वाजता गुलाबी रेघा राखाडीच्या वर एक केसभर सरकल्या. पहिल्या प्रयोगात होत्या तेवढ्याच. पाच वाजताही तेवढ्याच.

"थोड्या वर आहेत ना, ताई?" तिने विचारलं.

मी म्हटलं, थोड्या आहेत.

"मोजण्याइतक्या नाहीत."

मी म्हटलं, नाहीत. तिने मान हलवली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मला वाटलं होतं की ती आता माझ्याशी बोलणार नाही. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता. इन्क्युबेटर घुमत होता. किती वेळ आम्ही तशा बसलो होतो मला सांगता येणार नाही. रेघा चालतच होत्या.

जुलैत प्लेटा आल्यावर तिने आणखी दोनदा करून बघितलं, तेच आलं. शिष्यवृत्ती तोवर संपली होती. ती शेजारच्या मुलांच्या शिकवण्या घेत आणखी सहा महिने राहिली आणि शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं. आधी चाळीस पानांचं होतं, आता नऊ झालं. आईला तिने फोनवर काय सांगितलं ते मी विचारलं नाही. तिनेच एकदा सांगितलं. आई म्हणाली होती, तुझ्या यंत्राला नसेल दिसत, मला बरं वाटतं, मी घेत जाईन. हे सांगताना ती हसत होती, पण डोळे पुसत होती.

आता आमच्याकडे प्लेट आली की मी आधी सुईने तिच्या कडेला क्रमांक कोरते आणि तोच झाकणावर. दोन्हीकडे. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पहिल्यापासून माझं ऐकलं असतंस तर.

प्रबंधाची बांधलेली प्रत तिने मला आणून दिली, आणि बेचाळिसावं पान वाचा म्हणाली. ते मी तिथेच वाचलं आणि प्रत घरी नेली. जगलीवर बसून अण्णांना मराठीत करून वाचून दाखवलं. या प्लेटा एकदाच वापरण्यासाठी असतात, त्यात लिहिलं होतं. आधीच्या प्रयोगांत त्या धुवून पुन्हा वापरल्या. झाकणांची अदलाबदल झाल्यामुळे कोणती प्लेट किती वेळा धुतली ते सांगता येत नाही. नवीन प्लेटांवर आधीचा परिणाम दिसला नाही. अकरा वर्षांत माझं काम पहिल्यांदा कागदावर आलं होतं, तेही चुकीसकट. मला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं.

अण्णांनी विचारलं, धुतल्या कोणी, ते लिहिलंय का.

मी पुढची ओळ वाचली. धुण्याचं आणि झाकणं लावण्याचं काम मी आणि आमच्या सहायक ताईंनी मिळून केलं.

"ती धुवायची?"

मी म्हटलं, नाही. एकदाही नाही. हे मी तिला दुपारीच विचारलं होतं, की असं का लिहिलंस. तर म्हणाली, रोज शेजारी उभी राहून बघत होते ना मी, माझ्यासमोरच तर लागत होती झाकणं.

अण्णांनी प्रबंध माझ्याकडून घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, तरी डोळ्याला भिंग लावून ते त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. मग पुस्तक मिटून मला विचारलं की ती नागपूरला कधी जाणार आहे. मी म्हटलं, रविवारी.

"मग शनिवारी जेवायला बोलाव," अण्णा म्हणाले.